वाघ मोजणारी माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीबाईंनी मला बोलायला सांगितले तेव्हा विषय माझ्यावरच सोपवला होता. माझे सारे आयुष्य शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेले. तेव्हा आहार, जीवनसत्त्वे, फार तर बेडकाचे हृदय असे काहीतरी ही बोलेल अशी त्यांची अटकळ असावी. मी टिपेश्वरच्या जंगलातील प्राणिगणना हा विषय सांगितला, तेव्हा एक वडील सभासद लगेच म्हणाल्या, "अगं बाई, वाघ मोजून कोणाच्या घरची चूल पेटते?" प्रश्न थट्टेचा होता, पण गैरलागू नव्हता. आजचे माझे सगळे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

वाघ म्हटला की आपल्याला ताडोबा आठवतो. पण आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या दक्षिणेला, तेलंगणाच्या सीमेला लागून टिपेश्वरचे अभयारण्य आहे. ते १९९७ साली जाहीर झाले आणि त्याचा विस्तार १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे. सागाचे जंगल, लहानलहान टेकड्या, नाले, आणि त्यांत वाघ, बिबट, अस्वल, सांबर, चितळ, रोही, रानडुकरे अशी वस्ती. आणि या जंगलाच्या भोवती काय? कपाशी आणि तूर. जंगल संपते तेथे भिंत नाही, खंदक नाही. एका धुऱ्यावर साग आहे आणि दुसऱ्या धुऱ्यावर पऱ्हाटी, इतकेच.

आता मोजणीकडे येते. पूर्वी वाघ मोजत ते त्याच्या पायाच्या ठशांवरून. ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास ही रीत बसवली. धुळीत उमटलेल्या ठशावर काच ठेवायची, काचेवर ठशाची रेघ उतरवून घ्यायची, मग तो ठसा कागदावर घेऊन लांबीरुंदी मोजायची. प्रत्येक वाघाचा ठसा निराळा, ही त्यामागची कल्पना. १९७२ साली देशभर या रीतीने मोजणी झाली, तेव्हा वाघ भरले १८२७. तो आकडा ऐकून सरकार जागे झाले आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. म्हणजे त्या काचेच्या तुकड्याचे उपकार आहेतच. पण पुढे असे लक्षात येत गेले की एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत मोठा दिसतो, कडक जमिनीत लहान. चालताना वेगळा, पळताना वेगळा. आपलेच पहा ना. सारवलेल्या ओल्या अंगणात उमटलेले पाऊल आणि वाळल्या फरशीवरचे पाऊल एकाच बाईचे आहे, हे शेजारीण शपथेवर सांगेल का?

या रीतीतला खरा धोका २००५ साली उघडा पडला. राजस्थानातील सारिस्का हे नावाजलेले व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. कागदोपत्री तेथे डझनाहून अधिक वाघ होते. प्रत्यक्ष शोध घेतला तर एकही उरला नव्हता; चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपवले होते आणि वहीत मात्र वाघ सुखाने नांदत होते. गृहिणीला हे चांगले कळेल. डब्यावर 'साखर' लिहिले आहे म्हणून आत साखर असतेच असे नाही. झाकण उघडून पाहावे लागते. पंतप्रधानांनी त्याच वर्षी एक समिती नेमली, आणि पुढे देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने बसवलेल्या नव्या पद्धतीने दर चार वर्षांनी देशभर मोजणी होऊ लागली.

नवी पद्धत अशी. माणसाच्या अंगठ्याच्या रेषा जशा कोणाशी जुळत नाहीत, तसे एका वाघाच्या अंगावरचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. इतकेच नव्हे, त्याच वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीशीदेखील जुळत नाहीत. म्हणून जंगलातील वाटेच्या दोन्ही अंगांना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे झाडांना बांधतात. समोरून काही ऊबदार अंगाचे हलले की कॅमेरा आपोआप टिपतो. कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंत यांनी १९९० नंतर हा प्रयोग चिकाटीने केला, आणि आता तोच सर्वत्र रूढ झाला आहे. २०१८ च्या मोजणीत देशभर २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले होते. त्यांनी एकूण सुमारे ३ कोटी ४८ लाख चित्रे टिपली आणि त्यांतली वाघाची निघाली ७६,६५१. बाकीच्यांत हरणे, डुकरे, गुरे, गुराखी आणि वाऱ्याने हललेल्या फांद्या हेच सगळे असणार!

पण काही वाघ कॅमेऱ्यापुढून जातच नसतील, त्यांचे काय? येथे गणित येते. ते तुम्ही घरी करून पाहू शकाल. वालाचा डबा घ्या. त्यातले पन्नास दाणे काढून त्यांना कुंकू लावा आणि परत डब्यात टाकून चांगले ढवळा. आता न पाहता पुन्हा पन्नास दाणे काढा. त्यांत कुंकवाचे पाच निघाले, तर डब्यात सुमारे पाचशे दाणे आहेत असे समजा; कारण दहांत एक कुंकवाचा, आणि कुंकवाचे एकूण पन्नास. डबा पालथा करून सगळे दाणे मोजण्याची गरज नाही. पहिल्या वेळी चित्रात आलेले वाघ पुन्हा किती वेळा येतात यावरून न आलेल्यांचा अंदाज बांधतात, तो याच हिशेबाने. म्हणून आकडा सांगताना शास्त्रज्ञ 'कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके' असे सांगतात. काही लोकांना ही पळवाट वाटते. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. २०२२ च्या मोजणीचा देशाचा सरासरी आकडा ३,६८२ आहे, आणि आपल्या महाराष्ट्राचा ४४४. २००६ साली महाराष्ट्रात १०३ धरले होते.

कॅमेऱ्याचे काम यंत्र करते, पण त्याआधीचे काम पायांनीच करावे लागते. माझी एक भाची वनरक्षक आहे. हो, हल्ली मुली वनरक्षक होतात, आणि खाकी गणवेशात दुचाकीवरून जंगलात फिरतात. मोजणीच्या दिवसांत ती पहाटे निघते. आपल्या नियतक्षेत्रात तीन दिवस, रोज किमान पाच किलोमीटर चालायचे आणि मांसाहारी जनावराची खूण दिसेल ती नोंदवायची: पाऊल, विष्ठा, झाडावरचे ओरखडे. मग पुढचे तीन दिवस ठरलेल्या दोन किलोमीटरच्या सरळ रेषेवरून सकाळी चालायचे आणि चितळ, सांबर, रोही, डुक्कर जे दिसेल ते किती, किती अंतरावर, कोणत्या दिशेला, हे लिहायचे. वाघ मोजायचा तर त्याचे जेवण आधी मोजले पाहिजे. भाची म्हणते, "आत्या, वाघाची भीती नाही वाटत. अस्वलाची वाटते. अन् मोबाइलची बॅटरी संपायची वाटते." तिच्याबरोबर बहुधा कोलाम समाजातला एक वनमजूर असतो. तिने पुस्तकात पाहून ओळखावे त्याआधी तो लेंडीवरून सांगून मोकळा होतो की ही चौशिंग्याची, चितळाची नव्हे. त्याची विद्या कोणत्या प्रमाणपत्रावर लिहिलेली नाही, पण सगळी पाहणी तिच्यावर उभी आहे.

तिच्याच ओळखीने एका वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, मी टिपेश्वरमध्ये मचाणावर बसून आले. या रात्री चांदणे लख्ख असते आणि उन्हाने बहुतेक पाणी आटलेले असते, म्हणून जनावरे उरलेल्या पाणवठ्यावर येतात. पूर्वी या रात्रीच्या मोजणीला फार महत्त्व होते. आता वनखाते तिला 'निसर्गानुभव' म्हणते आणि शास्त्रीय गणनेत धरत नाही, ते योग्यच आहे. पाणवठ्यावर तेच डुक्कर तीनदा आले तर तीन डुकरे लिहिली जायची! मला वाघ दिसला नाही. सायाळ दिसली, चितळांचा कळप दिसला, आणि पहाटेच्या सुमारास एक अस्वल दोन पिल्ले पाठीवर घेऊन आले. पिल्ले पाठीवर, केस धरून बसलेली. बारा तास न बोलता बसणे हे मला आणि सोबतच्या बाईंना किती अवघड गेले, ते येथे सांगत नाही.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला त्या वाघाकडे येते.

टिपेश्वरच्या एका वाघिणीला तीन बच्चे झाले. वाघांना तेथे नावे देत नाहीत, क्रमांक देतात. आई टी-१ आणि बच्चे सी-१, सी-२, सी-३. बच्चा दोन वर्षांचा होत आला की आईपासून तुटतो, आणि नर असला तर त्याला स्वतःचा टापू शोधावाच लागतो, कारण बापाच्या राज्यात दुसऱ्या नराला जागा नसते. ते तरुण वाघ जातात कोठे, हे कोणाला ठाऊक नव्हते. भारतीय वन्यजीव संस्थेने त्याचाच अभ्यास हाती घेतला होता. त्यात २०१९ च्या फेब्रुवारीत सी-१ ला बेशुद्ध करून त्याच्या गळ्यात पट्टा बांधला. या पट्ट्यातले यंत्र उपग्रहाच्या मदतीने ठरावीक वेळाने 'मी येथे आहे' असे कळवत असते.

जून २०१९ मध्ये तो निघाला. आधी तेलंगणात आदिलाबादकडे गेला, फिरला, परत आला. मग पश्चिमेकडे वळला. नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे ओलांडत डिसेंबरच्या आरंभी तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेथेही तो आसपास फिरत राहिला. नऊ महिन्यांत त्याची एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या वर भरली. आपली शकुंतला धावत होती तेव्हा यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जायची, ते अंतर ११३ किलोमीटर. तशा सव्वीस खेपा झाल्या. लोकांनी त्याचे नाव 'वॉकर' ठेवले, म्हणजे चालणारा. नाव इंग्रजी का ठेवावे हे मला उमगले नाही. आपल्याकडे वारकऱ्यांची काय वाण आहे?

पण त्याच्या चालण्यापेक्षा मला नवल वाटते ते दुसऱ्या गोष्टीचे. नकाशावर त्याची वाट पाहिली तर ती जंगलातून क्वचितच जाते. ती जाते कपाशीतून, नाल्यांच्या काठाने, रस्ते ओलांडून, गावांच्या शेजारून. दिवसा तो एखाद्या नाल्यात, झुडपात पडून राही आणि रात्री चाले. खाणे रानडुकरांचे आणि काही ठिकाणी गुरांचे. या सबंध प्रवासात माणसाशी त्याची गाठ पडून इजा झाली ती एकदाच. तो पडला होता त्याच झुडपात काही माणसे शिरली, त्यांतला एक किरकोळ जखमी झाला. शेकडो गावांच्या शिवारातून तो गेला आणि बहुतेकांना पत्ताही लागला नाही. एप्रिल २०२० मध्ये पट्ट्याची बॅटरी संपत आली म्हणून पट्टा दुरूनच कळ दाबून गळवला. तेव्हापासून त्याची पुढची वाट उपग्रहाला कळण्याचे साधन उरले नाही.

तो एकटाच असा वेडा निघाला असेल, असे म्हणाल तर तसेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंगघाट अभयारण्यात एक वाघ कॅमेऱ्यात आला. त्या भागात वाघ कसा? त्याचे पट्टे जुन्या चित्रांशी ताडून पाहिले, तेव्हा तो टिपेश्वरचा एक तरुण नर निघाला. सुमारे साडेचारशे ते पाचशे किलोमीटर दूर! याच्या गळ्यात पट्टा नव्हता. कोणा वनरक्षकाने एका सकाळी झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातले चित्र जपून ठेवले होते, एवढ्यावर ओळख पटली.

आता तो १४८ चौरस किलोमीटरचा आकडा आठवा. एवढ्याशा जंगलात वाघ वाढले की तरुण पिढी बाहेर पडणारच. आपल्या गावातली मुले नाहीत का पुण्याला जात! वाघांची संख्या म्हणजे केवळ अभयारण्याची मिळकत नव्हे. किती बच्चे झाले हे ठाऊक असेल, तर दीड-दोन वर्षांनी किती वाघ शिवारात उतरणार आहेत हेही ठाऊक असते. तो दारव्ह्याच्या शिवारातून गेला असे मी म्हणत नाही. पण वाशीम आपल्या शेजारी आहे, आणि वाघ तालुक्याच्या सीमा वाचत नाही.

राळेगाव तालुक्याची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तेथेही एक टी-१ होती; ती टिपेश्वरच्या वाघिणीहून निराळी. वर्तमानपत्रांनी तिला 'अवनी' म्हटले. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव आणि पांढरकवडा भागात तेरा माणसे मेली, त्यांचा ठपका तिच्यावर आला. मेलेली माणसे कोण होती? शेतकरी आणि गुराखी. तुमच्या आमच्यासारखी, कामाला गेलेली. त्या दोन वर्षांत त्या गावांतल्या बायका वेचणीला घोळक्याने जात, सूर्य कलला की परत फिरत. कपाशी झाडावर लोंबकळत राही. सीतादहीची पूजा ज्या शेतात आनंदाने करायची, तेथे हातात काठी घेऊन उभे राहायची पाळी आली. शेवटी २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घातली गेली. तिच्यामागे दहा-अकरा महिन्यांचे दोन बच्चे राहिले. कोणी म्हणाले फार उशीर केला, कोणी म्हणाले घाई केली. न्यायालयापर्यंत भांडण गेले. त्या वादात मी पडत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की ती वाघीण अभयारण्याच्या बाहेर, शेतांना लागून असलेल्या तुकड्यातुकड्यांच्या जंगलात राहत होती. अभयारण्याच्या आत आपण कॅमेरे लावून एकेक पट्टा मोजतो, तीच काटेकोर पाहणी बाहेरच्या जंगलात पहिल्या मृत्यूच्या आधीपासून असती, तर गावाला सावध करायला आणि तिला वेळीच पकडायला अधिक अवसर मिळाला असता असे मला वाटते. वाघ मोजून चूल पेटते का, या प्रश्नाचे माझे उत्तर राळेगावात आहे. न मोजल्याने चुली विझतात, हे तेथे दिसले.

पाहणीने आपल्या बाजूचेही काही दाखवले आहे, ते झाकून ठेवू नये. रानडुकरे आणि रोही उभे पीक लोळवतात. रात्र रात्र जागल करून शेतकरी थकतो आणि मग कोणी तारेचे फास लावतो, कोणी कुंपणात थेट वीज सोडतो. डुकरासाठी लावलेल्या फासात वाघही अडकतो. टिपेश्वरच्या वाघांच्या गळ्यात अशा तारा रुतलेल्या कॅमेऱ्यांनी दाखवल्या. २०२५ च्या आरंभी एका वाघिणीला बेशुद्ध करून तिच्या मानेतला फास काढावा लागला. विजेच्या तारेला तर वाघ, बैल आणि माणूस सारखेच. पहाटे पाणी द्यायला गेलेला घरचाच माणूस तिला चिकटतो. ज्यांच्या शेतात अशी तार आहे त्यांनी ती आजच काढावी, हे मी येथे स्पष्टच बोलते.

आणि पाहणी फक्त वाघाचीच होते असे समजू नका. आपल्याला टिपेश्वरपेक्षा जवळ कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, १८ चौरस किलोमीटरचे, बहुतेक माळरानच. वाशीम-अकोल्याकडच्या अशा माळांवर पावसाळ्यात तणमोर येतो. हा पक्षी आता जगातच फार थोडा उरला आहे. मादीचे लक्ष वेधण्यासाठी नर गवतातून उंच उड्या मारतो, म्हणून तो दिसतो. एरवी गवतात लपला की शेजारी उभे राहूनही सापडायचा नाही. त्याला शोधावा तर फासेपारध्यांनी. पूर्वी जे त्याला फासे लावून धरत, त्यांच्यातलीच काही मंडळी 'संवेदना' या संस्थेबरोबर त्याची घरटी राखतात आणि नोंद ठेवतात. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या असे कोणी म्हणेल. मी म्हणते, ज्याला कुलूप कळते त्याच्याच हाती त्या दिल्या.

आता मंडळाचे काम. भाचीने निरोप दिला आहे, तो पोहोचवते. शेतात जनावराचे अनोळखी पाऊल दिसले तर त्यामागे माग काढत जाऊ नका आणि गावभर बोभाटाही करू नका. गर्दी जमली की ठसा तुडवला जातो, आणि जनावर जवळच असेल तर ते बिथरते. ठशावर टोपले किंवा घमेले पालथे घाला, म्हणजे गुरे आणि पाऊस यांपासून तो राहील. वनरक्षकाला किंवा पोलीस पाटलाला कळवा. मोबाइलवर चित्र काढायचे तर ठशाच्या बाजूला काहीतरी मापाची वस्तू ठेवावी लागते, नाहीतर मांजर आणि बिबट यांत फरक कळत नाही. त्यांच्याकडे त्यासाठी पट्टी असते. आपल्याकडे हातात बांगडी असतेच. बांगडी काढून ठशाशेजारी ठेवा, वरून सरळ चित्र घ्या, आणि तुमच्या बांगडीचे माप दोन-चार की दोन-सहा, तेवढे खाली लिहून पाठवा.